मुंबई ते ऑकलंड : म्हणे १५ तास ४७ मिनिटं

विमानतळांची दोन नावं टाकली की मधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी फुकट संकेतस्थळं असतात. त्यातलं एक मी तीन महिने कसून वापरलं, त्याबद्दल लिहितोय. नाव देत नाही, कारण नंतर आणखी चार पाहिली आणि सगळी एकाच माळेचे मणी निघाली. एकाला धरून बाकीच्यांना सोडणं बरं नव्हे.

माझी पात्रता एवढीच की एसटीत एकतीस वर्षं काढली. आधी वाहक, मग वाहतूक नियंत्रक. म्हणजे खिडकीमागे बसून "गाडी कधी लागणार?" या प्रश्नाला दिवसातून चारशे वेळा उत्तर देणारा माणूस. किलोमीटर वेगळे आणि लागणारा वेळ वेगळा, हे ज्याला कळत नाही त्याला आमच्याकडे एक पावसाळा काढणं जड गेलं असतं.

धाकटी लेक ऑकलंडला असते. तिला बाळ झालं आणि आम्ही दोघांनी जानेवारीअखेर निघून एप्रिलच्या मध्याला परत यायचं ठरलं. तोवर आमचा दोघांचा विमानप्रवास म्हणजे पुणे ते दिल्ली, एकदाच. त्यामुळे संध्याकाळचा चहा झाला की मी फोन घेऊन बसायचो आणि या संकेतस्थळावर "मुंबई", "ऑकलंड" टाकून बघायचो. जणू रोज टाकलं तर अंतर कमी होणार आहे.

उत्तर रोज तेच: १२,३०५ किलोमीटर. १५ तास ४७ मिनिटं. खाली निळ्या नकाशावर कमानीसारखी लाल रेघ.

त्या ४७ मिनिटांनी माझं डोकं खाल्लं. कुणी "सोळाएक तास लागतील" म्हणालं असतं तर मी मान डोलावली असती. पण मिनिटं सांगणाऱ्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून संशय. साताऱ्याहून स्वारगेटला किती वाजता पोहोचणार ते मिनिटात सांगणारा नियंत्रक एक तर नवा असतो, नाहीतर प्रवाशाला कटवत असतो.

आधी अंतर तपासलं. थोरल्याच्या शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावर होता, तो काढून पुसला. हिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. विषुववृत्ताभोवती गुंडाळला तर त्रेसष्ट सेंटिमीटर भरला. तोच दोरा मुंबईवर अंगठ्याने दाबून ऑकलंडपर्यंत ताणला: एकोणीसच्या वर दोन रेघा. विषुववृत्त चाळीस हजार किलोमीटरचं धरलं तर त्रैराशिकाने बारा हजार दोनशेच्या आसपास येतं. म्हणजे संकेतस्थळ खोटं बोलत नव्हतं. शिवाय दोरा ताणला की कळतं की लाल रेघ नकाशावर वाकडी का दिसते. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. गोलावरचा सर्वांत सरळ रस्ता सपाट कागदावर कमान होऊन बसतो.

अजून एक गंमत दोऱ्याने दाखवली. मुंबईतून निघालेला दोरा पहिल्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच पुण्याशेजारून जातो, मग आंध्रच्या किनाऱ्यावरून बंगालच्या उपसागरात उतरतो, पुढे सुमात्रा, जावा आणि ऑस्ट्रेलिया तिरका कापून ऑकलंड. म्हणजे आम्ही साताऱ्याहून पुण्यावरून मुंबईला जायचं आणि विमानाने आम्हाला परत पुण्याच्या डोक्यावरून न्यायचं. ही म्हणाली, "मग पुण्यातच का चढवून घेत नाहीत?" प्रश्न एसटीच्या दृष्टीने अगदी योग्य होता.

एसटीचा भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा. १२,३०५ भागिले सहा, म्हणजे २,०५१ टप्पे. असो.

मग वेळेच्या मागे लागलो. मुंबई-सिंगापूर टाकलं. ३,९२१ किलोमीटर, ५ तास २२ मिनिटं. वहीत वजाबाकी मांडली. अंतरात फरक ८,३८४ किलोमीटर, वेळेत फरक १० तास २५ मिनिटं. भागाकार केला तर ताशी ८०५ किलोमीटर. त्या वेगाने १२,३०५ किलोमीटरला १५ तास १७ मिनिटं होतात. उरलेला अर्धा तास चढ-उतरणीचा. पडताळा म्हणून मुंबई-पुणे टाकलं: १२४ किलोमीटर, ३९ मिनिटं. नऊ मिनिटं हवेत आणि अर्धा तास वरचा. चोर सापडला! फक्त ८०५ हा विचित्र आकडा कुठून आणला ते कळेना. जावयांना फोनवर विचारलं तर हसले. "बाबा, ते पाचशे मैल आहेत."

तर हे असं आहे. दोन ठिकाणांमधला ताणलेला दोरा, भागिले पाचशे मैल, अधिक अर्धा तास. वारा नाही, रांग नाही, थांबा नाही. ऑकलंड-मुंबई असं उलटं टाकलं तरी १५ तास ४७ मिनिटंच. हे बघितल्यावर मी फोन खाली ठेवला. खंबाटकी चढायला आणि उतरायला सारखाच वेळ धरणारा माणूस मला एकतीस वर्षांत भेटला नव्हता.

आणि खरी मेख पुढेच आहे. मुंबईहून ऑकलंडला थेट विमानच नाही! मुंबईहून नाही, दिल्लीहून नाही, भारतातून कुठूनच नाही. मार्च २०२५ मध्ये एअर इंडिया आणि एअर न्यूझीलंड यांनी २०२८ अखेरपर्यंत थेट सेवा सुरू करता येते का ते बघू, असं जाहीर केलंय. तोवर वाटेत उतरणं आलं. संकेतस्थळ मात्र ही गोष्ट कुठेही सांगत नाही. जी फेरी सुटतच नाही तिचं मिनिटासकट वेळापत्रक फलकावर लावल्यासारखं आहे हे. आमच्याकडे असं केलं असतं तर प्रवाशांनी फलक उपटून हातात दिला असता.

आता जिथे संकेतस्थळ उपयोगी पडलं ते सांगतो, कारण नुसतं झोडपणं मला पटत नाही.

साताऱ्यातल्याच एका तिकीटवाल्याकडे गेलो. त्याने दुबईवरून जायचा पर्याय काढला, माणशी साडेपाच हजार स्वस्त. "साहेब, दुबईहून एकच उडी, सोळा तासांत ऑकलंड." खरं आहे, दुबईहून ऑकलंडला विनाथांबा विमान जातं. मी तिथेच बसून अंतरं काढली. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर, तेही उलट्या दिशेला. दुबई-ऑकलंड १४,२००. बेरीज १६,१३०. मग सिंगापूरवरून काढलं: ३,९२१ अधिक ८,४०९, बेरीज १२,३३०. थेट दोऱ्यापेक्षा फक्त पंचवीस किलोमीटर जास्त! बारा हजारांच्या रस्त्यात पंचवीस किलोमीटर म्हणजे साताऱ्याहून पुण्याला जाताना वाटेत पंपावर हवा भरायला वळण्याइतकंसुद्धा नाही. आणि दुबईवरून गेलं तर ३,८०० किलोमीटरचा वळसा. साताऱ्याहून कोल्हापूरला जायचं आणि त्यासाठी आधी शिरवळला जाऊन यायचं, असला प्रकार.

तिकीटवाल्याला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, वेळ बघा, किलोमीटर काय बघता, किलोमीटरचं भाडं थोडंच आहे. त्याच्या बाजूनेही मुद्दा होता. दुबईची बेरीज उड्डाणांत एकोणीस तास, सिंगापूरची सव्वापंधरा. पण दुबईवाल्यात एका बैठकीत सोळा तास, आणि हिचे गुडघे. मी सिंगापूर घ्यायला सांगितलं. दोन हजार टप्पे एका दमात ओढण्यापेक्षा मधे हातपाय मोकळे झालेले बरे.

इथवर माझी बाजू हुशारीची होती. पुढे मी माती खाल्ली.

तिकीटवाल्याने फोनवर सांगितलं, सिंगापूरला सकाळी ७:३५ ला उतराल, ८:५० ला पुढचं विमान, सव्वा तासाचा थांबा. मला तो थांबा जरा कमीच वाटला, पण मनात म्हटलं, विमान कंपनीने जोड दिली आहे म्हणजे ती बघेल. निघायच्या आठ दिवस आधी कागदावर छापलेलं तिकीट हातात आलं. त्यावर २०:५०. रात्रीचे. सव्वा तास नव्हे, सव्वातेरा तास. मधला "तेरा" फोनवर कुठे गळला देव जाणे. मी आयुष्यभर चोवीस तासांच्या घड्याळात गाड्या सोडल्या, आणि फोनवर ८:५० ऐकल्यावर सकाळ की रात्र हे विचारायची बुद्धी मला झाली नाही. हिने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलली नाही. त्याचं मला जास्त लागलं.

बदलायला गेलो तर माणशी नऊ हजार. राहू दिलं.

आता प्रत्यक्ष प्रवास. खिशात छोटी डायरी ठेवली होती, त्यात नोंदी केल्या, त्यावरूनच लिहितो.

दुपारी २ ला घरून निघालो, भाड्याची गाडी. मुंबई विमानतळ रात्री ८:२०. मधे खंबाटकी, पुण्याची वळणं, बोरघाट, चेंबूरपासून पुढचं रडगाणं. अडीचशेच्या वर किलोमीटरला सहा तास वीस मिनिटं. संकेतस्थळाच्या हिशेबाने तेवढ्या वेळात आम्ही सिंगापूरला पोहोचून चहा घेत असायला हवे होतो.

विमान सुटायची वेळ २३:४०. दरवाजा वेळेवर बंद झाला, विमान वेळेवर मागे ढकललं, आणि मग पंचवीस मिनिटं रांगेत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेद देतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. सगळी विमानं एकीवरच, एकामागून एक, टोलनाक्यासारखी. मला वाटलं आता उशीर. पण सिंगापूरला उतरून फाटकाला लागलो तेव्हा बरोबर ७:३५. वेळापत्रक करणाऱ्याने ती रांग आधीच धरलेली असते. तिकिटावरचा वेळ हा उड्डाणाचा नसतोच, फाटक सोडल्यापासून फाटकाला लागेपर्यंतचा असतो. त्या न दिसणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. हा आमच्या जातकुळीतला.

उडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी समोरच्या पडद्यावर छोटं विमान बरोबर "पुणे" या शब्दावर आलं. हिला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "दुपारी पाच वाजता इथेच होतो आपण," आणि परत झोपली.

मुंबई-सिंगापूर एकूण ५ तास २५ मिनिटं. संकेतस्थळ ५ तास २२. इथे शंभर टक्के मार्क. पण तो योगायोग आहे हे पुढच्या टप्प्यावर कळलं.

सिंगापूरचा चांगी विमानतळ. सव्वातेरा तास. काय सांगू! आधी मी तिथल्या गालिच्यावरून चालायलाच कचरत होतो. तिसऱ्या टर्मिनलमध्ये फुलपाखरांची बाग आहे, विमानतळाच्या आत, जिवंत फुलपाखरं, अननसाच्या फोडी खात बसलेली. एक माझ्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्यावर येऊन बसलं. जुनं एचएमटीचं घड्याळ, मळकट चामडी पट्टा, त्यावर ते पंख उघडझाप करत होतं. ही म्हणाली, "अहो, हलू नका." चार-पाच मिनिटं मी हात तसाच धरून उभा होतो. माझ्या मागे एक चिनी आजोबा हात पुढे करून आपली पाळी येईल म्हणून थांबले होते. शेवटी मी मनगट त्यांच्या मनगटाला लावलं, पण पाखरू काही गाडी बदलायला तयार होईना.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्मिनलमध्ये चालकाशिवाय चालणारी छोटी गाडी आहे. ती ज्युएल नावाच्या काचेच्या घुमटातून जाते आणि मधे छतातून पडणारा चाळीस मीटरचा धबधबा दिसतो. तिथे जाऊन उभं राहायचं तर देशात प्रवेश घ्यावा लागतो, गाडीतून मात्र बघायला फुकट. आम्ही सहा फेऱ्या मारल्या. पास असलेल्या कॉलेजच्या पोरांसारख्या. ठोसेघर बघितलेल्या माणसाला धबधब्याचं कौतुक किती असणार, पण छपराखाली आणि चिखल नाही म्हणून हिला आवडला. दुपारी खुर्च्यांवर आडवे झालो, पिण्याचं पाणी जागोजागी, डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दोन वाजल्यानंतर मात्र वेळ सरकेना. स्टँडवर रातराणी चुकलेल्या प्रवाशाला मी "बसा, सकाळी पहिली आहे" असं किती सहज सांगायचो ते आठवलं.

रात्री २०:५० ला दुसरं विमान. खिडकीची जागा मला, कारण नोंदी करायच्या होत्या. पडद्यावर वेग, उंची, बाहेरचं तापमान, वारा असं सगळं येतं. ज्याला हे वाचायला आवडतं त्याला सिनेमाची गरज नाही. डायरीतल्या नोंदी: जावा ओलांडताना ८९० किलोमीटर ताशी. ऑस्ट्रेलियाच्या मध्यावर ९५५. पुढे समुद्रावर ९८०, मागून वारा. तेवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात, पूर्वेला जाणाऱ्याला ढकलतात, पश्चिमेला जाणाऱ्याच्या तोंडावर येतात. विमानाचं इंजिन तेच, पेडल तेच, फक्त रस्ताच तुमच्याबरोबर सरकतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी वाटते तसं. (न्यूट्रलमध्ये घाट उतरवणं हा गुन्हा आहे. मी उपमा दिली.)

ऑस्ट्रेलिया ओलांडायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवतो, कारण ते मला दोऱ्याने सांगितलं नव्हतं. रात्री दीड वाजता झोपलो तेव्हा खाली ऑस्ट्रेलिया. जागा झालो, पाणी प्यायलो, पाय मोकळे करून आलो, तरी खाली ऑस्ट्रेलियाच. अंधारात एक दिवा नाही.

ऑकलंडला ११:३५, त्यांच्या घड्याळात. हा पट्टा ९ तास ४५ मिनिटांत झाला. संकेतस्थळ म्हणत होतं १० तास ५७. एक तास बारा मिनिटं आधी!

म्हणजे मुंबई-ऑकलंड, फाटक ते फाटक: २८ तास २५ मिनिटं. साताऱ्याच्या दारापासून धरलं तर ३८ तास ५ मिनिटं. कुठे ते १५:४७.

अंतराला पाचपैकी पाच. वेळेला एक, तोही मुंबई-सिंगापूरच्या कृपेने.

ऑकलंडला उतरल्यावर आणखी एक घाट आहे, त्याचा वेळ कुणीच सांगत नाही. खाण्यापिण्याचं, झाडपाल्याचं, मातीचं काहीही बरोबर असेल तर तिथे आधीच लिहून द्यावं लागतं. तो जाहीरनामा फुकट भरता येतो, पैसे मागणारा कुणी भेटला तर उठून जा. लपवलं किंवा विसरलं तर जागेवर चारशे डॉलर दंड. लेकीने फोनवर इतक्या वेळा बजावलं होतं की आम्ही मेतकुटापासून सुपारीपर्यंत सगळं लिहिलं. तपासणीवरच्या बाईंनी पिशवी उघडली, एकेक पुडी नाकाशी नेली. गोड्या मसाल्याला थांबल्या, परत वास घेतला, हसल्या आणि परत ठेवला. कढीपत्त्याची जुडी गेली. ती जाणारच होती, हिलाही माहीत होतं, तरी "बघू" म्हणून आणली होती. मग त्यांनी माझे बूट मागितले. अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी जातो ते बूट, तळव्यात लाल माती. ते घेऊन आत गेल्या आणि धुऊन, ओले, टिश्यूत गुंडाळून परत आणून दिले. माझे बूट दुसऱ्याने धुऊन दिले ते आयुष्यात पहिल्यांदा. मी उभा राहिलो आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून "थँक्यू मॅडम" तीनदा म्हणालो. यात चाळीस मिनिटं.

बाहेर लेक बाळाला घेऊन उभी. ते सगळं इथे लिहायचं नाही.

घड्याळाची एक गोष्ट मात्र लिहिली पाहिजे, कारण ती वेळेचीच आहे. न्यूझीलंड आपल्यापुढे साडेसात तास असतं, पण फक्त त्यांच्या उन्हाळ्यात. एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे तीन वाजता ते घड्याळ मागे करून दोन करतात आणि मग फरक साडेसहाचा होतो. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी परत पुढे. फोनला हे कळतं. एचएमटीला कळत नाही. त्या रविवारी मी सकाळी शहरात जाणाऱ्या बसच्या थांब्यावर वेळेवर जाऊन उभा राहिलो. गाडी येईना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी मनात त्यांच्या नियंत्रकाचा उद्धार सुरू केला. तासाभराने बस आली, मिनिटाला मिनिट. घरी सांगितलं तर जावई सोफ्यावरून उठून आत गेले. हसू आवरायला गेले असणार.

परतीचं तिकीट एप्रिलच्या मध्याचं आणि जाताना काढलेलं असेल तर हा तास तुमच्या हिशेबात धरा. तिकिटावर स्थानिक वेळ बरोबरच असते. चुकतो तो भारतात न्यायला येणारा.

परतीचा प्रवास दुपारी १ ला सुरू झाला. ऑकलंड-सिंगापूर १० तास ५० मिनिटं. जाताना याच रस्त्याला ९:४५ लागले होते. एक तास पाच मिनिटं जास्त, विमान त्याच प्रकारचं, कंपनी तीच. पडद्यावर समुद्र ओलांडताना ७९०, ऑस्ट्रेलियावर एका ठिकाणी ७६५, समोरून वारा. संकेतस्थळाचं १०:५७ इथे बरोबर जुळलं. बंद घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर असतं, त्यातली ही दुसरी वेळ.

पण गंमत बघा. सिंगापूरला या वेळी थांबा सव्वादोन तासांचा. मग पुढे मुंबई साडेपाच तास. एकूण १८ तास ३५ मिनिटं. वारा तोंडावर घेऊनसुद्धा जाण्यापेक्षा जवळजवळ दहा तास आधी. ढकलणाऱ्या वाऱ्याने जे मिळवून दिलं होतं ते सगळं तिकीटवाल्याच्या एका "सव्वा"ने खाल्लं होतं, वर नऊ-दहा तासांचं व्याज. म्हणून सांगतो, तिकीट काढताना वेग, विमान, वारा काही बघू नका. थांबा बघा, आणि तो चोवीस तासांच्या घड्याळात बघा. छापील कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

संकेतस्थळ वापरू नका असं मी म्हणत नाही. दोन मार्गांत वळसा कुणाचा मोठा ते बघायला त्याच्यासारखं साधन नाही. पाच मिनिटांत मला कळलं की सिंगापूर वाटेवरच आहे आणि दुबई नाही. वेळेचा रकाना मात्र हाताने झाकून वाचा. त्याला बंद आकाशही कळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांना अरबी समुद्राकडून वळसे पडले. दोरा काही वळसा घेत नाही, तो ताणलेलाच राहतो.

मुंबईला रात्री १:०५ ला उतरलो. बॅगा घेऊन बाहेर यायला सव्वादोन. गाडी मुद्दाम सांगितली नव्हती. हिला म्हटलं, शेवटचा पट्टा आपल्या गाडीने करू. रिक्षा-टॅक्सीची हुज्जत घालून चेंबूरला मैत्री पार्कला आलो, तीन वाजले. ३:४० ला साताऱ्याची गाडी मिळाली. ज्येष्ठ नागरिक, अर्धं तिकीट, दोघांचं मिळून एकाचं. बॅगांवर विमानाच्या चिठ्ठ्या तशाच लटकत होत्या, वाहकाने त्या वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

डायरीतली शेवटची नोंद: सातारा स्टँड, सकाळी ९:१०. पंचवीस मिनिटं उशीर. खंबाटकीला कंटेनर बंद पडला होता.